ब्रॅडफर्ड हाउसचा पडदा

नेस्टा जन्मात कधी ब्रॅडफर्डला गेली नाही, तरी सारं गाव तिला नेस्टा ब्रॅडफर्डच म्हणे. वेल्समधल्या कापडवाल्यांची ही जुनी हौस: माल ज्या शहरातून येतो, त्याचं नाव दुकानाला द्यायचं. दुकानाचं नाव मग तिथल्या माणसांना आपोआप चिकटायचं. नेस्टा पंधराव्या वर्षी शेतावरून ब्रॅडफर्ड हाउसमध्ये कामाला आली, माळ्यावरच्या खोलीत राहू लागली आणि साठी उलटली तरी तिथेच होती. बहिणीने नवरा, मुलं, मोटार सगळं केलं; हिने दुकान केलं.

इमारत होतीही मिरवण्यासारखी. करड्या दगडी घरांच्या रांगेत ही एकटी लालबुंद विटांची, तीन मजली. गावात रेल्वे आली त्या साली मालकीणबाई मिस पॅरी यांच्या आजोबांनी बांधली, तेव्हा चॅपेलमधल्या बुजुर्गांनी नाकं मुरडली होती म्हणे. देवाच्या घरापेक्षा कापडाचं दुकान उंच! दाराच्या दोन्ही अंगांना वळणदार काच, तिला पेलणारे मनगटाएवढे लोखंडी खांब, उंबऱ्याशी रंगीत फरशी. ती फरशी नेस्टा रोज सकाळी गुडघे टेकून पुसत असे.

मिस पॅरी वारल्या आणि दुसऱ्याच दिवशी स्वान्सीहून त्यांचा भाचा एमलिन आला. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. चहा पिता पिता म्हणाला, "नेस्टा आंटी, ही दर्शनी बाजू काढून टाकायची म्हणतोय. सरळ काच, ॲल्युमिनियमची चौकट. वर कचेऱ्या. तुमची रेक्समला बहिणीकडे सोय होईल ना?"

"होईल की," नेस्टा म्हणाली. "पाहुण्यांसाठी कोच आहे तिच्याकडे."

त्या रात्री तिने ट्रंक भरली.

त्या गावची एक रीत होती. पुलावरून प्रेतयात्रा वळली की हाय स्ट्रीटवरची दुकानं खिडक्यांचे पडदे खाली ओढत. पूल दिसे फक्त ब्रॅडफर्ड हाउसमधून, त्यामुळे आधी नेस्टाचा पडदा, मग बाकीच्यांचे. बायका तेव्हा दफनाला जात नसत. म्हणून मिस पॅरींच्या दफनाच्या दिवशीही नेस्टा दुकानातच राहिली. सगळ्या जन्माची सोबत, आणि निरोप द्यायचा तो एका दोरीने.

यात्रा वळली. नेस्टाने दोरी ओढली. पडदा अर्ध्यावर आला आणि अडकला.

शवपेट्या करणारा इव्होर सगळ्यांच्या पुढे चालत होता. त्याने हात वर केला. मागची काळ्या कपड्यांतली पुरुषमंडळी भर रस्त्यात थांबली.

"काय झालं? चला ना!" एमलिन कुजबुजला.

"पडदा कुठे पडलाय?"

"अहो, अर्धा पडलाय की!"

"मिस पॅरी काय अर्ध्याच गेल्यात?" इव्होर म्हणाला आणि जागचा हलला नाही.

शेवटी एमलिनच दुकानात धावला. खिडकीतल्या पुतळ्याच्या डोक्यावर स्वतःची टोपी ठेवून, लोखंडी खांबाला मिठी मारून त्याने वर चाचपलं. पडद्यासाठी लाकडात खास खाच कोरलेली होती, इतकी बेमालूम की लहानपणी सुट्टीत याच खिडकीत खेळूनही त्याला ती कधी दिसली नव्हती. पडद्याची अडकलेली कड त्याने त्या खाचेत नीट बसवली.

"ओढा आंटी, आता!"

पडदा सरसरत खाली आला. मग बाहेरून आवाज येऊ लागले. खाटकाचा पडदा, औषधवाल्याचा, पाववाल्याचा, एकामागून एक, पार चॅपेलपर्यंत. अंधारात नेस्टा हमसून रडली. एमलिनने डोळे पुसले, टोपी उचलली आणि तो परत रांगेत जाऊन उभा राहिला.

दफनानंतर चॅपेलच्या मागच्या खोलीत हॅम, लोणी लावलेला 'बारा ब्रीथ' हा मनुकांचा वेल्श केक आणि चहा होता. एमलिन तिच्या शेजारी येऊन बसला.

"सरळ काच बसवली, तर पडदा कुठे जाईल?"

"कुठेच नाही. त्याला जागाच उरणार नाही."

एमलिनने मान हलवली. "मग राहू दे. काच, खांब, सगळंच. आणि तुम्हीही वरच राहा. मला दुकानातलं काही म्हणजे काही कळत नाही."

"ते सगळ्या गावाने पाहिलं आज," नेस्टा म्हणाली आणि तिने कप खाली ठेवला. चारचौघांत कधी कुणाला हात न लावणाऱ्या त्या बाईने त्याचा हात धरला. "देव तुझं भलं करो, पोरा. मिस पॅरींनी मला घर दिलं, तू ते दुसऱ्यांदा दिलंस."

"पडद्याला तेल द्यायला मात्र शिकवा मला."

"शिकवणारच," ती म्हणाली. "माझ्या दिवशी ओढायचा कुणी?"