शशिधरकाकांना दोन मतं

आमचे शशिधरकाका बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाचे अकरा वर्षं अध्यक्ष. दरवर्षी हात वर करून निवडणूक, आणि भिडेपोटी सगळेच हात वर करायचे. यंदा काकाच म्हणाले, "चिठ्ठ्या टाका, कळू दे तरी!" त्यांच्याच पॅनेलचे वीस जण होते, तोंडावर "काका, तुम्हीच!" म्हणणारे. मतं पडली दोन. मला रडूच आलं यार! एक त्यांचं, एक माझं. म्हणजे काकूनेसुद्धा नाही दिलं?? परत येताना कारमध्ये काकांसमोरच विचारलं मी.

"नाही दिलं," काकू म्हणाली. "किती दमतात गं ते."

काकांनी कोटाचा खिसा चाचपला. मग मला म्हणाले, "सुनेत्रा, हॉलच्या किल्ल्या माझ्याच खिशात राहिल्यात. उद्या तूच देऊन ये ना."