अण्णांच्या ट्विटरची जोडी

आमच्या ताईच्या थोरल्या दिरांइतकं कान देऊन ऐकणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लातूरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती आणि तूर ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी पारखायचे. मूठभर दाणे कानाशी नेऊन हलवायचे, कपाळावरची विभूती आक्रसेपर्यंत डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ओल हाय. अजून दोन दिस उन्हात टाका." शेतकरी निमूट पोतं बांधायचा. ताईच्या लग्नात आम्ही दिलेली पितळी परात त्यांनी मांडवातच टिचकी मारून वाजवली आणि म्हणाले, "चांगल्या घरची हाय." हे परातीबद्दल होतं की ताईबद्दल, ते आमच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसाकडे स्पीकरची एक जोडी होती. अँप्लिफायर पोटातच असलेले, हैदराबादेहून आणलेले ते दोन काळे डबे अण्णांनी देवघराशेजारी मांडले होते. रोज दुपारी दुकानातून आलं की जेवणाआधी भजन लागायचं आणि तेवढा वेळ घरात कुणी भांडं आपटायचं नाही. एकदा गेलेली लाईट जोरात परत आली आणि डाव्या स्पीकरचा ट्विटर जळाला. ट्विटर म्हणजे स्पीकरच्या वरच्या अंगाची लहानशी घुमटी. टाळ, घुंगरू, बांगड्या असले बारीक आवाज तिच्यातून येतात. "मृदंग हाय, बुवा हाय, टाळकरी तेवढा उठून गेला," अण्णा म्हणाले. महिनाभरानं म्हणू लागले, उजवाही थकलाय.

कंपनीनं ते मॉडेल बंद करून बरीच वर्षं झाली होती. अण्णांनी माझ्याकडून कंपनीला पत्र लिहवून घेतलं. 'आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे' इथपासून ते सुरू होत होतं. उत्तरादाखल नव्या स्पीकरचं रंगीत चित्र आलं. अण्णांनी ते बघून उलटं ठेवलं. ते वर्ष दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, गल्लीत टँकर आला की घागरींची रांग लागायची, आणि त्या रांगेत उभे राहून अण्णा शेजाऱ्याला विचारायचे, "तुमचा जावई पुण्यात इलेक्ट्रॉनिकच्या लायनीत हाय न्हवं?" उदगीरचे व्यापारी भेटले आणि आमचा आता वेगळा जिल्हा होणार म्हणू लागले, तर अण्णा त्यांना समजावायचे, "लातूरचा जिल्हा होऊन इतकी वर्षं झाली, एक ट्विटर मिळंना. तुम्ही घाई करू नका."

शेवटी मी राहतो त्या नांदेडात एका जुन्या रेडिओ मिस्त्रीचा पत्ता लागला. अण्णा दोन्ही स्पीकर शालीत गुंडाळून एसटीनं आले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्याच्यात?" अण्णा म्हणाले, "पेशंट. दाखवायला न्यायलोय." माझ्या बायकोनं त्यांना परत नेण्यासाठी पाण्याचे दोन कॅन भरून ठेवले होते. ते बघून अण्णांचा चेहरा पडला. म्हणाले, "वैनी, मला हात दोनच हायत."

मिस्त्रीला सगळे चाचा म्हणत. त्यांनी डावा उघडला, मीटर लावलं आणि मान हलवली. मग उजवा तपासला. "इसको कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. अण्णांना ते पटलं नाही. चाचांनी वाद घातला नाही. "एक बदले तो दोनों की बोली जुदा होती, अण्णा. जोड़ीच बदलना," असं म्हणून त्यांनी एका खोक्यातून त्याच मापाच्या दोन घुमट्या शोधून काढल्या. भोकं जुळेनात म्हणून प्लायवूडच्या चकत्या कापल्या. चार तास अण्णा स्टुलावरून हलले नाहीत.

मग चाचांनी भजन लावलं. टाळ इतका लखलखीत वाजला की समोरचा चहावाला वळून बघू लागला. अण्णा डोळे मिटून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चाचा, टाळ न्हाई आला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. एक वायर काढली, तिथंच परत लावली. "अब?"

"न्हाई."

मी खाली बघत राहिलो. अण्णांनी डोळे उघडून आम्हा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पाव्हणं, तुम्हाला येतोय?"

"हो, अण्णा."

"लख्ख?"

"लख्ख."

त्यांनी शाल मांडीवर ओढली. मग शालीच्या घड्या नीट करत म्हणाले, "म्हणजे चाचांनी काम चोख केलंय." पुढे डॉक्टरांनी तपासून वयाचं कारण सांगितलं. बारीक आवाज आधी जातात म्हणे. अण्णांनी त्यांच्याशीही वाद घातला नाही. त्या वर्षी तुरीची पारख त्यांनी आपण होऊन धाकट्या भावाकडे दिली.

भजन मात्र अजून रोज लागतं. घरी कुणी आलं की अण्णा त्याला दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसवतात, आपण समोर बसतात आणि टाळ सुरू व्हायची वेळ आली की त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. मागच्या खेपेला मी बसलो होतो. टाळ आला, पण माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं, आणि चेहरा खुलायचा राहून गेला.

"काय झालं, पाव्हणं?"

"काही नाही, अण्णा."

"मग तोंड नीट करा," ते हळूच म्हणाले. "मला ऐकायचं हाय."