दहाची नऊ

सर्व्हेच्या कामात एक चोरी सगळेच करायचे आणि तिला चोरी कुणी म्हणायचं नाही. घरात दहा ते एकोणीस वयाचं मूल असलं की त्याचा वेगळा फॉर्म भरायचा, तासभर डोकं फोडायचं, वर बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं. मूल नऊ वर्षांचं असेल तर यातलं काहीच नाही. मग काय, संध्याकाळ झाली की दहाची नऊ व्हायची. टीममधल्या एका जुन्या बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, "नऊ लिहायचं आणि सुटायचं. दाखला बघायला कोण येतंय?"

तेव्हा मोबाइल फक्त आमच्या सुपरवायझरकडे असायचा. मी हेंद्रेपाड्यात राहायचे, काम उल्हासनगर नि अंबरनाथला. देशातल्या मुलांच्या तब्येतीचा अभ्यास चाललाय आणि त्यात आपण आहोत, याचा सुरुवातीला केवढा अभिमान मला! दोन महिन्यांत तो चपलेबरोबर झिजला.

ते घर अंबरनाथच्या एका चाळीतलं, त्या दिवशीचं शेवटचं. मी जयभीम केला तसा घरच्या बाईचा चेहरा खुलला. "अगं बाई, आपल्यातल्याच का! बसा ना ताई." नवरा कंपनीत, सेकंड शिफ्टला. मोठा मुलगा चौदाचा, धाकटी मुलगी दहा पूर्ण. मुलाचा फॉर्म भरला, रक्त तपासलं, आकडा बरा आला. साडेसहा वाजून गेले होते, पायांचे तुकडे पडत होते. धाकटीचं वय मी नऊ लिहिलं.

आणि ही पोरगी बोट पुढे करून समोर उभी! बाकीची पोरं सुई बघून मोरीत लपायची, ही म्हणते, "माझं पण करा ना." तिची आई हसत म्हणाली, "करा हो तिचं पण. भिंतीचे पोपडे खाते मेली. जिना चढला की दम लागतो." आणि ती चहा टाकायला वळली.

पोपडे खाते, दम लागतो. ट्रेनिंगमध्ये हेच तर घोकून घेतलं होतं आमच्याकडून! अशी मुलगी दिसली की पापणी खाली ओढून बघा, रक्त तपासा, कमी निघालं तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी द्या. तिचे ओठसुद्धा पांढुरके होते. मी ते पाहिलं आणि ट्यूबलाइटचा उजेड असेल म्हणून स्वतःला गप्प केलं. तिचं मन मोडू नये म्हणून बोटावर स्पिरिटचा कापूस चोळला, वर पट्टी चिकटवली. सुई टोचलीच नाही. पोरगी बोट मिरवत गॅलरीत गेली. आई चहा घेऊन आली, विचारलं, "ठीक आहे ना हो?" मी बॅग भरता भरता म्हणाले, "एकदम ठणठणीत!"

पाच महिन्यांनी दुसरी फेरी निघाली. त्याच घरांत जाऊन मुलं आहेत का, कशी आहेत, एवढंच लिहायचं होतं. या वेळी नवराही घरी होता. मुलगा क्लासला गेलाय म्हणाले. "आणि धाकटी?" मी विचारलं.

उत्तर नवऱ्याने दिलं. "गेली. दीड महिना झाला. तापाचं निमित्त झालं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही हिच्या, इतके दिवस झोपला होतात का?" मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "मी बारा-बारा तास कंपनीत. घरी पोरीजवळ कोण असतं?"

तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही रक्त बघितलं होतं ना तिचं? चांगलं होतं ना तेव्हा? सासूबाई, नणंद, सगळ्या म्हणतात मी लक्ष दिलं नाही. अहो, मी नेणारच होते तिला दवाखान्यात. तुम्ही ठणठणीत म्हणालात म्हणून थांबले."

खरं बोलले असते तर हे खापर तिथल्या तिथे माझ्या डोक्यावर फुटलं असतं, आणि ते तिथेच फुटायला हवं होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मी तिला वाचवायला खोटं बोलले. कसलं काय! भ्याले, बस्स. नवऱ्याला भ्याले, नोकरीला भ्याले, त्या बाईच्या डोळ्यांना भ्याले.

"हो," मी म्हणाले. "तेव्हा चांगलं होतं."

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. त्याने उठून तिला पाणी दिलं.

निघताना ती जिन्यापर्यंत सोडायला आली. डोळे पुसून हात जोडले. "लई उपकार झाले ताई तुमचे."

मी म्हणाले, "असू द्या हो, त्यात काय."