पोर्तुगीजमधली घासाघीस

तोक्योच्या हिगाशी-कसाई भागात बारा वर्षं काढूनही सुप्रभा केळकरला जपानची एक गोष्ट काही केल्या पचली नव्हती. इथे भाव करता येत नाही. गाड्या मिनिटाला धरून येतात, विसरलेली छत्री परत मिळते, कचरा निवडून ज्याच्या त्याच्या वारी बाहेर ठेवावा लागतो, हे सगळं तिनं निमूट मान्य केलं. पण चिमूटभर कोथिंबीर डबीत घालून वर जो आकडा चिकटवतात, तो मुकाट्यानं द्यायचा म्हणजे तिच्या अगदी जिवावर यायचं. पुण्याच्या मंडईत वाढलेली बाई ती. दोन शब्द झाल्याशिवाय तिला भाजी घेतल्यासारखंच वाटत नसे.

नवरा हेमचंद्र सॉफ्टवेअरमध्ये. घरी आला तरी त्याच्या मीटिंगा चालूच. लेक ओवी इथंच वाढलेली. आईनं मराठीत दहा वाक्यं बोलावीत आणि तिनं जपानीत एका शब्दात विषय संपवावा. सुप्रभाच्या तोंडाला दिवसभर कामच नव्हतं. हे दुखणं तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला, तिथंच तर घोडं अडलं होतं.

अशात इचिकावातल्या एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा भरणाऱ्या बाजारात तिला मार्लेने भेटली. चेहरा जपानी, पण आवाज खणखणीत आणि हात सारखे हवेत. आजी-आजोबा इथून ब्राझीलला गेलेले. ही तरुणपणी कारखान्यात काम करायला उलटी इकडे आलेली. आता साठी ओलांडल्यावर जमिनीचा तुकडा भाड्यानं घेऊन भेंडी, मिरच्या, कोथिंबीर पिकवायची आणि विकायची. मोडक्या जपानीत तिनं जुडीचा भाव सांगितला. सुप्रभानं सवयीनं नाक मुरडलं. मार्लेने खदखदून हसली आणि तिनं जुडीत आणखी मूठभर काड्या खुपसल्या. झालं, सुप्रभाला माहेर सापडलं.

त्याच आठवड्यात तिनं मोबाइलवर पोर्तुगीज शिकायला घेतलं. बटाटा, पाव, काजू, कोबी, चावी ही आपलीच मंडळी तिकडे भेटल्यावर तिला वाटलं, भाषा काय, चुटकीसरशी येईल. भाव विचारण्याच्या धड्यापर्यंत ती धडाक्यात पोचली आणि तिथंच तिनं मुक्काम ठोकला. ‘क्वांतू कुस्ता’ म्हणजे केवढ्याला, आणि ‘मुइंतू कारू’ म्हणजे फार महाग. बाजारात आणखी काय लागतं?

तिच्या तोंडून ‘क्वांतू कुस्ता?’ ऐकलं, तेव्हा मार्लेनेनं दोन्ही हात तोंडावर नेले. त्यानंतर ती सुप्रभाशी जपानी बोलेनाच. दर खेपेला सुप्रभा ‘मुइंतू कारू’ म्हणून पाठ फिरवी, चार पावलं टाकी, मागून ‘सेन्योरा!’ अशी हाक आली की विजयी मुद्रेनं परत येई. मग मार्लेने तिला शेजारी बसवून गोड काळी कॉफी देई आणि घडाघडा बोलू लागे. सुप्रभाला त्यातलं अक्षरही कळत नसे. पण तसं सांगितलं तर ही कॉफी आणि ही हाक, दोन्ही बंद होतील, याची तिला धास्ती होती. म्हणून ती ‘सीं, सीं’ म्हणजे हो, हो करत मान डोलवी, आणि मार्लेने हसली की आपणही हसे. हिला घरी जेवायला बोलवायचं, आपली मैत्रीण करायचं, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. तेवढं बोलता येऊ दे, की बोलावते. पुढचा धडा काही तिनं उघडला नाही.

यंदाच्या ऑक्टोबरात मार्लेनेपुढे भाजी नव्हती. चादरीवर घरातली भांडी, इस्त्री, विणलेले रुमाल मांडले होते आणि बाजूला जाड बुडाचा प्रेशर कुकर होता. नवा धंदा दिसतोय, असं म्हणत सुप्रभानं कुकरकडे बोट करून भाव विचारला. मार्लेनेनं मानेनंच नाही म्हटलं. कुकर उचलून सुप्रभाच्या हातात दिला, वरून तिचे हात घट्ट धरले आणि हळू आवाजात खूप वेळ बोलली. सुप्रभा ‘सीं, सीं’ करत राहिली. मनात म्हणाली, बाई पक्की आहे, आकडा माझ्याकडून काढून घेतेय. असले डाव तिला नवे नव्हते. तिनं कुकर खाली ठेवला, ‘मुइंतू कारू’ म्हटलं आणि पाठ फिरवली.

हाक आली नाही. आणखी थोडं चालली, तरी आली नाही. वळून बघणं म्हणजे हार, म्हणून ती तशीच लोणच्यांच्या टपऱ्यांकडे गेली. परत आली तेव्हा चादर उचललेली होती. बघू पुढच्या महिन्यात, असं म्हणून तिनं घरची गाडी पकडली.

पुढच्या महिन्यात ती जागा रिकामी होती. शेजारी रोपं विकणाऱ्या ओकाबे-सानना तिनं विचारलं. त्या सावकाश, तिला समजेल अशा जपानीत म्हणाल्या की मार्लेने-सान कायमच्या ब्राझीलला गेल्या. त्या दिवशी सगळं विकलं, फक्त कुकर विकला नाही. तो भारतीय बाईंना द्यायचा म्हणून वेगळा काढून ठेवला होता.

“त्या म्हणायच्या, इथं माझं सगळं बोलणं कळणारं एकच माणूस आहे. तुम्हाला त्यांनी सांगितलं असेलच ना, जाणार म्हणून?”

सुप्रभाला खोटं बोलवेना. “सांगितलं असेल. मला त्यांचं काहीच कळत नव्हतं हो. कधीच नाही.”

ओकाबे-साननी हातातलं रोप खाली ठेवलं.

“मग त्यांचा मुलगा वारला, तेही तुम्हाला कळलं नाही?”

सुप्रभाला तो दिवस आठवला. मार्च महिना होता तेव्हा. झाडांच्या परागांच्या ॲलर्जीनं सगळ्या तोक्योचेच डोळे वाहत होते, तसे मार्लेनेचेही वाहताहेत असं सुप्रभाला वाटलं होतं. मार्लेने त्या दिवशी कॉफी ओतायची विसरून कितीतरी वेळ बोलत होती. सुप्रभानं सगळं ऐकून घेतलं होतं, मान डोलावली होती, मधे एकदा हसलीही होती, आणि मग कोथिंबिरीचा भाव विचारला होता.