पुन्हा गायलेल्या गाण्यांचा पंचनामा

ते प्रकरण आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी दोह्यात, वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात सुरक्षा प्रमुख होतो. शिपाई म्हणून भरती होऊन निरीक्षकापर्यंत चढलेला माणूस मी. वशिला कधी लावला नाही, मिळालाही नाही.

अल गराफात राहणाऱ्या एका पुणेकर इंजिनिअरने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पार्टी आमच्याकडे ठेवली. तरुणपणी ऐकलेल्या युरोपियन डिस्को गाण्यांच्या तबकड्यांचा संच त्याने जर्मनीहून आणला होता. तो सीलबंदच त्याने आदल्या दिवशी आमच्या साउंडवाल्याकडे दिला. साउंडवाला रत्नागिरीचा, नजमा भागात सहा जणांच्या खोलीत राहणारा.

पार्टीत पहिलं गाणं लागलं आणि इंजिनिअरचा चेहरा उतरला. गायिकेचा आवाज जाड, खाली भलताच धडधडणारा ठेका. पाहुण्यांसमोरच तो ओरडला, "माझ्या ओरिजिनल तबकड्या याने बदलल्या." मॅनेजरने मला बजावलं, उद्या दुपारपर्यंत छडा लाव, नाहीतर याची नोकरी खलास. म्हणजे थेट गावी परत. तिकडे बांधायला काढलेलं घर अजून स्लॅबपर्यंतही आलं नव्हतं.

सकाळी त्याला बसवून मी तासभर झाडलं. तो मान खाली घालून गप्प. गप्प बसणारा निम्मा कबूल झालेला असतो, असा माझा हिशोब.

"कुणाला विकल्यास?"

"विकल्या नाय, साहेब. ती गाणीच तशी आहेत."

"कधी कळलं तुला?"

"परवा लावून बघितली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"एवढ्या हौशीने आणलेली. त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं?"

तेव्हा कुठे मी तबकड्या मागवल्या. मुद्देमाल आधी बघायचा ही ठाण्यातली पहिली शिस्त, आणि मीच ती मोडली होती. मग रीतसर पंचनामा केला. प्रत्येक तबकडीवर लेबलाजवळ कोरलेला क्रमांक कव्हरवरच्या क्रमांकाशी जुळला. अदलाबदल झालीच नव्हती. कव्हरच्या मागे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: मूळ गायकांनी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली गाणी, नव्या ठेक्यात.

इंजिनिअरला बोलावून ती ओळ दाखवली.

"अहो, पण पुढे ओरिजिनल लिहिलंय."

"गायक ओरिजिनल आहेत. म्हातारपणी पुन्हा गायलेत. मागे वाचलंत का?"

"मागची बाजू कोण वाचतं हो?"

"मी मेथीची जुडीसुद्धा उलटी करून बघतो."

मी मागणी केली की काल आरोप ऐकलेल्या सगळ्या पाहुण्यांना बोलावून माफी मागा. तो म्हणाला, "यल्ला, चला, संपवा ना विषय." मग निदान पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी माफी टाका, इथवर मी खाली उतरलो. तेही नाही. शेवटी साउंडवाल्याला एकट्याला मेसेज आला: 'गैरसमज झाला. सॉरी.' आयुष्यात इतका पडेल सौदा मी केला नव्हता. मॅनेजरनेही अहवालातून 'खोटा आरोप' हे शब्द काढायला लावले.

नोकरी वाचली. साउंडवाल्याने मेसेज वाचला, "चालेल, साहेब," म्हणाला आणि वायरी गुंडाळायला गेला.

इंजिनिअरचा आरोप पाच मिनिटांचा होता, माझा तासभराचा. त्याच्याकडून माफी वसूल करायला मी जंग जंग पछाडलं. माझ्याकडे कुणी मागितली नाही, म्हणून मी दिली नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, हे मी सगळी नोकरी संपवून, त्या माणसाची नोकरी टांगणीला लावून शिकलो.