वॉल्टरचा अमृतमहोत्सव

माती खायला माणसं कुठे कुठे जातात! मी थेट अमेरिकेत गेलो. तेही विद्यापीठाच्या खर्चानं, पाहुणा अभ्यासक म्हणून. आणि एकट्यानं गुपचूप नाही खाल्ली, चांगली माईकवरून, भरल्या मांडवात खाल्ली. चहा घ्या, गार होतोय. सांगतो.

माझा विषय तुम्हाला माहीत आहे. जुन्या विहिरी, बारवा, तळी. साताऱ्याकडच्या बारवांवरचा माझा एक लेख तिकडच्या लिंडाबाईंनी वाचला आणि मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बाई साठीच्या, उत्साह विशीतला. हा माणूस पाण्याचा अभ्यास करतो, म्हणजे याला पाणी दाखवलं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं.

मग काय! दर शनिवारी मला गाडीत घालायचं आणि पाणी दाखवायचं. धबधबा झाला. धरण झालं. मासे उलट्या दिशेनं उड्या मारत वर चढतात, ती जागा झाली. एकदा तर एका गावाची पाण्याची टाकी दाखवली. मी आपला 'वा, वा' म्हणून तिच्यासमोर फोटो काढून घेतला. एवढ्या प्रेमानं दाखवतायत, नको कसं म्हणणार?

एक गोष्ट मात्र मनात सलत होती. विद्यापीठात माझं व्याख्यान झालं, त्याला चार माणसं आली. त्यातल्या एकाची खोली चुकली होती.

आता तुम्हीच सांगा, इथे गावात माझ्या भाषणाशिवाय एक तरी सत्कार होतो का? मुख्याध्यापक निवृत्त होवोत, नाहीतर पतसंस्थेचे चेअरमन पंच्याहत्तरी गाठोत, शाल-श्रीफळाच्या पाठोपाठ मी ठरलेला. त्या माणसाला चार श्रोते! परत यायला थोडेच आठवडे राहिले होते आणि अमेरिकेनं मला अजून ऐकलंच नव्हतं.

अशात एका शुक्रवारी लिंडाबाई म्हणाल्या, "उद्या वॉल्टरचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. माझा शेजारी. आम्ही सगळे तळ्याकाठी जमणार आहोत, तुम्हीही या. तिथून डोंगर फार छान दिसतो. आणि रंगीबेरंगी शर्ट घाला हं, वॉल्टरचीच तशी इच्छा."

पंच्याहत्तरावा! म्हणजे अमृतमहोत्सव! माझ्या अंगात वीज संचारली हो.

शाल होतीच. 'कुणाचा सत्कार करावा लागला तर?' म्हणून आमच्या हिनं बॅगेत घातली होती. प्रश्न नारळाचा होता. माझा भाचा निनाद जवळच बेलव्ह्यूला असतो, आयटीत. त्याला फोन करून बोलावलं आणि इंडियन स्टोअरमध्ये घेऊन गेलो.

"मामा, इथे कुणी कुणाला शाल-बिल देत नाही यार. एक ग्रीटिंग कार्ड घेऊ, फिनिश."

"पंच्याहत्तरीला कार्ड? बरं दिसतं का ते? आणि हा कसला नारळ उचललास? शेंडी कुठाय?"

"शेंडी?"

"श्रीफळाला शेंडी लागते."

"मामा, मी मीटिंग कॅन्सल करून आलोय. शेंडीसाठी!"

तिसऱ्या दुकानात शेंडी मिळाली.

शनिवारी निनादला घेऊन तळ्याकाठी पोचलो तर काय थाट! मोठा मांडव. फुलाफुलांचे शर्ट घातलेली माणसं. एका बाजूला शेगडीवर हॉट डॉग भाजतायत, दुसरीकडे पाच-सहा म्हातारे बँड वाजवतायत, मुलं केकभोवती घोटाळतायत. केकवर ठसठशीत पंच्याहत्तर. आणि पुढे स्टँडवर वॉल्टरचा मोठा फोटो. डोक्यावर टोपी, हातात मासा, चेहऱ्यावर हे एवढं हसू.

आता हसू नका, पण मी फोटो नीट पाहिला होता. हार नव्हता! आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला, हार नाही म्हणजे आहे. इतका साधा हिशेब. तो मी लावला, यात माझं काय चुकलं?

पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर वॉल्टरची तीच टोपी ठेवलेली होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. म्हटलं, गृहस्थ येताहेत. उत्सवमूर्ती उशिरा येणार, हे तर सगळ्या जगात सारखंच.

मग भाषणं सुरू झाली आणि मी हादरलोच. एक जण म्हणाला, वॉल्टरइतका चिकट माणूस मी पाहिला नाही. दुसरा म्हणाला, त्यानं माझी होडी बुडवली आणि वर मलाच पोहता येत नाही म्हणून हसला. सगळे खो खो हसतायत! सर्वांत जास्त कोण हसतंय, तर बार्बरा, वॉल्टरची बायको. अरे, हा सत्कार आहे की उणीदुणी काढायचा कार्यक्रम? पंच्याहत्तरीच्या दिवशी माणसाबद्दल दोन शब्द बरे बोलू नयेत? कुणीतरी हा कार्यक्रम सावरायला हवा होता.

तेवढ्यात लिंडाबाई माझ्याकडे वळल्या. "कुणालाही बोलता येतं. तुम्हाला काही बोलायचंय?"

मला? माईकवर? बोलायचंय?

मी शाल खांद्यावर टाकली, नारळ काखेत घेतला आणि निघालो. निनाद तिकडे हॉट डॉगच्या रांगेत पुढच्या माणसाशी गप्पा मारत होता. मला माईकजवळ पाहताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात हलवायला लागला. मग मानेवरून आडवा हात फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. म्हटलं, हं, भाषण आवर म्हणतोय. अजून सुरूही केलं नाही तर आवर! भाच्याच्या खुणेवर भाषण आटोपणारा मामा अजून जन्माला यायचाय. मी मुद्दाम सावकाश सुरू केलं.

इंग्रजीत बोललो, पण सारांश असा. "मित्रहो, मी वॉल्टरला कधी भेटलेलो नाही. आल्यापासून त्याची वाट पाहतोय. त्याला उशीर झालेला दिसतो. हरकत नाही. मोठी माणसं त्यांच्या वेळेनं येतात."

मांडवात एकदम शांतता. हॉट डॉग उलटणाऱ्याचा चिमटा हवेत थांबला. बघा, म्हटलं मनात, पकड आली!

"तुम्ही त्याला हसलात. हसा. पण पंच्याहत्तर म्हणजे काही शेवट नाही. वॉल्टरचं खरं आयुष्य आता कुठे सुरू होतंय. त्याच्या शंभरीला मी पुन्हा येईन आणि तेव्हा त्याच्या हातचा मासा खाईन. तोवर ही शाल त्याच्यासाठी."

मागे कुणीतरी हुंदका दिला. बँडमधल्या एका उंच म्हाताऱ्यानं टोपी काढली. बार्बरा उठून पुढे आली. आपल्याकडे सत्कार सपत्नीकच करतात, म्हणून मी शाल तिच्या खांद्यांवर घातली आणि नारळ ओंजळीत दिला.

तिनं शेंडीवरून हात फिरवला. "याचं काय करायचं?"

"ठेवा जपून. वॉल्टर आला की फोडा."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळा मांडव उभा राहिला! टाळ्या नाहीत हो, नुसते उभे. मला एक एक जण येऊन मिठी मारतोय. एका बाईनं माझा हात धरून विचारलं, "माझी आईसुद्धा येईल?" मी म्हटलं, "बोलावलं असेल तर येईलच की." तिनंही रडायला सुरुवात केली. चार श्रोत्यांचं दुःख त्या क्षणी धुऊन निघालं.

लिंडाबाई डोळे पुसत आल्या. "मला कल्पना नव्हती. तुमच्याकडे किती वेगळ्या नजरेनं पाहतात त्याच्याकडे!"

"कोणाकडे? वॉल्टरकडे?"

"मृत्यूकडे."

कोणाच्या मृत्यूकडे, हे विचारायच्या आत निनाद धापा टाकत पोचला. "मामा! अरे, मान कापून कापून हात दुखला माझा! तो गेलाय! दोन महिने झाले!"

"कोण?"

"वॉल्टर! मामा, वॉल्टर! ही त्याची शोकसभा आहे, इथे अशीच हसत करतात!"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, त्या तळ्याकाठी तीही ओलीच होती. मी लिंडाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "विमानतळावरून येताना मी सांगितलं नव्हतं का? त्याच आठवड्यात तो गेला होता. तुम्ही किती हळवे झालात तेव्हा! डोळे मिटून घेतलेत, मान खाली घातलीत. मध्येच फक्त 'येस, येस' म्हणायचात."

अहो, मी झोपलो होतो! दोन विमानं बदलून आलेला माणूस!

एका विधवेला मी नवरा यायचा आहे म्हणून सांगितलं, नारळ जपून ठेव म्हणून सांगितलं. दुसऱ्या बाईच्या आईलाही आमंत्रण देऊन बसलो. निनाद म्हणाला, "मामा, चल, गाडीत बस. आपण निघू." पण नाही. त्या बाईपुढे जाऊन खरं सांगितल्याशिवाय मला तिथून हलता येईना. खरंच सांगतो, इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

बार्बरा टोपीच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. शाल अंगावर, नारळ मांडीवर.

"बार्बराबाई, मला माफ करा. मला खरं म्हणजे–"

"दोन महिने," ती म्हणाली, "जो येतो तो मला सांगतो, वॉल्टर गेला, आता सवय कर. तुम्ही पहिले, ज्यांनी त्याला उशीर झालाय म्हटलं." मग ती हसली. "त्याला नेहमीच उशीर व्हायचा हो. लग्नाच्या दिवशीसुद्धा. माझं जेवण कायम गार झालं. उशीर झालाय, एवढं मला समजतं. त्याची मला सवय आहे."

माझी कबुली राहिली ती राहिलीच. मी तिच्या हाताला हात लावला आणि गुपचूप उठलो. निनादलाही म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही.

गाडीकडे निघालो तर मागून हाक आली. बँडमधला तो उंच म्हातारा. काखेत वाद्य, टोपी अजून हातातच. लिंडाबाईंनी ओळख करून दिली, हा एड, वॉल्टरचा मासेमारीतला दोस्त.

एडनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फार छान बोललात. मी अठ्ठ्याऐंशीचा आहे."

"वाटत नाही," मी म्हटलं.

"तुमचा व्हिसा कधीपर्यंत आहे?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. अख्ख्या अमेरिकेत मला पुढच्या भाषणाचं मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं आमंत्रण!

"ऑगस्टअखेरपर्यंत," मी म्हटलं.

एडनं तळ्याकडे पाहत बराच विचार केला. मग खेदानं मान हलवली.

"नाही हो. इतक्या घाईत मला काही जमणार नाही."