बाहेरच्या खोलीतली आढी

आमच्या शेताच्या बांधावर गावरान आंब्याची जुनी झाडं आहेत. गाव भडगावपासून जवळ, गिरणेच्या काठाला. उन्हाळ्यात पाडाला आलेले आंबे उतरवायचे आणि घरातल्या कोठीत काडाची आढी घालून पिकवायचे, ही घरची रीत. पण त्या कोठीत हळूहळू फवारणीच्या औषधाचे डबे आले, युरियाच्या गोण्या आल्या, पंप आला. गेल्या उन्हाळ्यात आंबा कापला की औषधाचा भपकारा यायचा. बरेचसे उंदरांनी कुरतडले. उरलेले पाट्या भरभरून उकिरड्यावर टाकले आणि बांधावर झाडं असूनही पोरांसाठी आंबे बाजारातून आणले.

यंदा कैऱ्या मोठ्या व्हायला लागल्या तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, "आढी बाहेरच्या खोलीत घालायची."

तो जेवता जेवता थांबला. "अक्काला विचारलंस?"

"विचारणार नाही. सांगणार आहे."

बाहेरची खोली म्हणजे परसात, न्हाणीघराला लागून असलेली खोली. घरातली बाई महिन्याची बाजूला बसली की तिथं राहायची. एक बाज, एक गोधडी, कोनाड्यात वेगळं ताट आणि वेगळा तांब्या. मी धुळ्यात वाढलेली. माहेरी असलं काही नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी वाद घातला, रडले, आणि शेवटी बसायला लागले. तेव्हापासून दर महिन्याला बसत होते. बाहेरून कुणीतरी ताटात भाकरी वाढायचं, तीही वरून, हात न लागेल अशी.

त्या बाजेवर पडून पडून मला ती खोली पाठ झाली होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं टाकून मातीनं लिंपलेलं धाबं. मे महिन्यातही भिंत हाताला गार लागायची. वर एक झरोका, त्यातून वारा यायचा पण ऊन यायचं नाही. आंब्याला याहून चांगली जागा आमच्या घरात दुसरी नव्हती.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासऱ्यांच्या माघारी घरात तिचाच शब्द चालतो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं तसं तिनं हातातली शेंग सुपात टाकली.

"तठे आंबा ठेवशी? ती खोली इटाळनी शे. बठ्ठा आंबा सडी जातीन."

"अक्का, गेल्या वर्षी चांगल्या खोलीत ठेवले होते. तिथं काय झालं?"

"ते उंदरंनी खादं."

"मग यंदा उंदरांची बिळं बुजवते."

तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं होतं की सासूबाई तिच्या बाजूनं बोलतील. त्या आयुष्यभर अक्काच्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या. त्या आतून आल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "खराटा आन. मी बी येस."

आधी बाज बाहेर काढली. सासूबाईंनी विळा घेतला आणि तिच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली. मी म्हटलं, "आई, बाज चांगली आहे, राहू द्या की." त्या कापतच राहिल्या. "ह्या बाजेवर मी लई रडेल शे," एवढंच म्हणाल्या. सगळ्या दोऱ्या तोडून झाल्यावर त्यांनी लाकडं चुलीच्या सरपणात नेऊन टाकली. कोनाड्यातलं ताट आणि तांब्या मी चिंचेनं घासून स्वयंपाकघराच्या मांडणीत लावला. अक्का बघत होती. मी मुद्दाम तिच्यासमोरच लावला.

मग खोली. धाब्याच्या लाकडांना लोंबणारी जळमटं काढली. कोपऱ्यातल्या उंदरांच्या बिळांत काचेचे तुकडे ठोकून वरून सिमेंट भरलं. फरशी गरम पाण्यानं आणि साबणाच्या चुऱ्यानं घासली, पुन्हा साध्या पाण्यानं धुतली. भिंतींना चुना दिला. झरोक्याला बारीक जाळी ठोकली. नवरा जाळी आणायला भडगावला गेला खरा, पण ठोकायला आला नाही. "मला तुमच्या बायकांच्या भांडणात ओढू नका," म्हणाला. मी शिडीवर चढून ठोकली.

दार उघडं टाकून खोली कडक उन्हाळ्यात चांगली वाळू दिली. मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि दार लावून घेतलं. गव्हाचं काड उन्हात तापवलं. फरशीवर विटा मांडून त्यावर तुराट्यांचा थर दिला, म्हणजे खालून हवा खेळेल, आणि त्यावर काड.

आंबे उतरवले त्या दिवशी सकाळीच मला पाळी आली.

कुणाला कळलं नसतं. पण लपवायचं तर मग एवढी खोली धुतली कशाला, असं मला वाटलं. मी देठं खाली करून आंबे मांडत होते, चीक लागलेला आंबा फडक्यानं पुसून घेत होते. अक्का दारात येऊन उभी राहिली. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुले अडचन शे ना?"

"आहे."

"आनि आंब्याले हात लावी राहिनी?"

"लावतेय अक्का. तुम्हाला माझ्या हातचे नको असतील तर तुमचे वेगळे काढून ठेवू का? ते आई मांडतील."

"माले एक बी नको," ती म्हणाली आणि गेली. मी हातातला आंबा काडावर ठेवला. सासूबाईंनी पुढची पाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "मांड."

आंबे पिकले. दार उघडलं की परसभर वास सुटायचा. औषधाचा नव्हे, आंब्याचा. पण सगळं काही सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. न्हाणीघराच्या भिंतीकडची बाजू ओल धरून होती आणि तिथले आंबे काळे पडून सडले. अक्का ते सडके आंबे ओट्यावर ओळीनं मांडून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागली. मी तिच्याशेजारी बसले. शेजारीण आली की अक्का सांगायची, इटाळ झाला. मी सांगायचे, न्हाणीची ओल आहे, पुढच्या वर्षी त्या भिंतीपासून हातभर लांब मांडू. सारी दुपार आम्ही दोघी तशाच बसलो. कुणाला कुणाचं पटलं ते मला माहीत नाही. जाताना आंबे मात्र सगळ्यांनी नेले.

अक्कानं यंदा आमरस खाल्ला नाही. तिच्या पानात मी रोज विचारून भाजी वाढायचे. तिचा हट्ट तिच्यापाशी. मला तिला भरवायचं नव्हतं, मला आंबे मांडायचे होते.

सुट्टीला नणंद माहेरी आली. आढी अजून अर्धी भरलेली होती. दोन-चार दिवसांत तिची पाळी आली आणि सवयीनं ती गोधडी काखेत मारून परसात गेली. दार उघडून तशीच माघारी आली. अक्का ओट्यावरच होती.

"आई, बाज कुठं गेली? तिथं तर आंबे आहेत. मी कुठं बसू?"

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग घरमा बठ," त्या म्हणाल्या. "आनि हात धुई ले, रस काढना शे."